रुसूबाई एक, का दोन?

सुजाता,

तू गेल्यानंतर केजला तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला उभं केलं. समोर तुझी आई, भाऊ-भावजया, तुमच्या गल्लीतली माणसं, आपल्या कॉलेजातले बहुतेक सगळे. माझ्या आधी बोलणाऱ्यांनी तुझं शिक्षण, तुझी नोकरी, तुझा स्वभाव असं सगळं व्यवस्थित सांगून झालं होतं. मी माइक हातात घेतला आणि माझ्या तोंडून एकच वाक्य निघालं, "आमचं एक भांडण अर्धवट राहिलंय." ही बाई अशा वेळी काय बोलते आहे, असं कुणाला वाटलं असेल तर त्यात त्यांची चूक नाही. तेवढ्यात पहिल्या रांगेतून तुझी आई म्हणाली, "खरं हाय. दोगी लई भांडायच्या." आणि पदर तोंडाला लावून ती चक्क हसली. मग मी खाली बसले.

तिथे जे बोलायचं राहिलं ते आता लिहिते आहे. आपल्या कॉलेजच्या वार्षिकात छापणार आहेत, तेव्हा तुला पाठ असलेल्या गोष्टीही चार लोकांना समजतील अशा सांगाव्या लागतील. तू कंटाळशील. तसंही माझं बोलणं तुला पाल्हाळच वाटायचं.

तू भौतिकशास्त्र विभागात रुजू झालीस तो दिवस मला आठवतो, कारण त्या दिवशी पहिल्याच भेटीत तू माझी थट्टा केलीस. मी नाव सांगितलं तर म्हणालीस, "मंगल मंजी ग्रह. ग्रहांचं आन् ताऱ्यांचं जमंल का?" मी तुझ्यापेक्षा कितीतरी वरिष्ठ. रागच आला. पीएच.डी. झाल्यापासून मी संशोधन सोडूनच दिलं होतं. तास, प्रात्यक्षिकं, पेपर तपासणी, यातच माझं बरं चाललं होतं. कॉलेजला मिळालेली दुर्बीण खोक्यातून बाहेरसुद्धा निघाली नव्हती. तू ती पहिल्या आठवड्यातच शोधून काढलीस आणि माझ्या टेबलासमोर उभी राहून विचारलंस, "ही कुनाची वाट बघायलीय?"

बीड शहरात उजेड फार, म्हणून दुर्बीण पालीला माझ्या मामाच्या शेतात गेली. बिंदुसरा धरणाच्या अंगाला त्याचा मळा आहे, तिथे पत्र्याची शेड आणि बाजूला सरकणारं छप्पर. मामा सुरुवातीला येऊन बघून गेला आणि म्हणाला, "ज्वारीची राखन केली, हरभऱ्याची केली. चांदन्यांची राखन कराय बसलेल्या बाया पहिल्यांदाच बघायलोय." तू लगेच म्हणालीस, "मामा, यास्नी रानडुकरं लागत न्हाईत, पर ढगं लागतेत." त्या दिवसापासून मामा माझ्यापेक्षा तुझा जास्त झाला.

आपण राखण करत होतो ती भुजंग तारकासमूहातल्या एका तारकागुच्छाची. नुसत्या डोळ्यांना तो दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. छोट्या दुर्बिणीतून पुसट डाग दिसतो, पाटीवर ओलं बोट टेकवल्यासारखा. आणि त्या डागात लाखो तारे आहेत, एकमेकांच्या ओढीनं एका गोळ्यात बांधलेले, विश्वाच्या पहिल्या पिढीतले म्हणावेत इतके जुने. तिथून निघालेला उजेड पालीच्या त्या शेडमध्ये पोचायला वीस हजारांवर वर्षं लागतात. म्हणजे तो निघाला तेव्हा जगात कुणी कसलंही बी जमिनीत पेरलेलं नव्हतं. मला हे आकडे विद्यार्थिदशेपासून ठाऊक होते आणि मी ते वर्गात फळ्यावर लिहून पुसतही होते. ते खरे आहेत, हे मला तुझ्यामुळे कळलं. पहिलं छायाचित्र संगणकावर उमटलं तेव्हा तू खुर्ची मागे सरकवलीस, चपला काढून ठेवल्यास आणि मग पुन्हा पुढे येऊन बसलीस. थोड्या वेळानं माझ्याही चपला मी काढल्या.

या गुच्छातले काही तारे फुगतात आणि आवळतात, आणि तसतसा त्यांचा उजेड वाढतो, कमी होतो. अर्ध्या दिवसाच्या आसपास एक फेरा. आपल्या पुस्तकांत अशा ताऱ्यांना रूपविकारी म्हणतात. तुला तो शब्द बिलकुल आवडायचा नाही. "विकार कसला आलाय? धडधाकट तारा हाय. दम घ्यायलाय," असं तू म्हणायचीस, आणि वर्गातही दम घेणारे तारे असंच शिकवायचीस. मी तुला दोनदा समजावलं, की परीक्षेत पोरांनी तसं लिहिलं तर मार्क जातील. एका मुलीनं खरंच लिहिलं, आणि तिचा पेपर माझ्याकडेच तपासायला आला. मी मार्क दिले. तुला हे कधी सांगितलं नव्हतं.

माझ्या मते आपल्या कामातला सगळा आनंद दुर्बिणीपाशी नव्हताच. तो होता कॉलेजच्या प्रयोगशाळेत, दुपारी, पंख्याखाली. छायाचित्रांतून एकेका ताऱ्याचा उजेड मोजायचा आणि वेळेप्रमाणे ठिपके मांडायचे. ते नुसते बघितले तर विखुरलेली मोहरी. कारण तारा रात्रंदिवस दम घेतो आणि आपण त्याला कधी संध्याकाळी बघतो, कधी पहाटे, मध्ये दिवस, मध्ये ढग, मध्ये कॉलेजची परीक्षा. मग त्या सगळ्या काळाची घडी घालायची: ताऱ्याचा फेरा जेवढा, तेवढ्या मापाची. माप बरोबर असेल तर प्रत्येक रात्रीचा तुकडा दुसऱ्या रात्रीच्या तुकड्यावर बरोबर येतो आणि मोहरीतून एक वक्र उठतो. उजेड झपकन चढतो, हळूहळू उतरतो. माप केसभर चुकलं तरी पुन्हा मोहरी.

तुझे वडील केजच्या कापड दुकानात कामाला होते आणि सुट्टीत तू त्यांच्यासोबत साड्यांच्या घड्या घालायचीस. यंत्रानं काढलेलं माप तू आधी बघायचीच नाहीस. पडद्यावर स्वतःच माप कमी-जास्त करत राहायचीस, ओठ आवळून, आणि वक्र उठला की म्हणायचीस, "काठाला काठ." मी शेजारी उत्तरपत्रिका तपासत असायचे. तुझं "काठाला काठ" ऐकलं की पेन खाली ठेवून उठायचे. दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा, सुजाता. शेकडो वेळा बघूनही यायचा. आपण हजर असताना आणि नसताना, आपल्या सगळ्या खाड्यांतून तो तारा आपली लय न चुकवता चालवत राहिला होता, आणि आपल्या चार तुकड्यांवरून ती अख्खी लय हाती येत होती. याहून मोठं काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

आणि आपला तो महान घोटाळा! तो सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, तू कितीही डोळे वटार.

शेडमधल्या संगणकाचं घड्याळ वीज गेली की मागे जायचं, म्हणून छायाचित्रांवर तारीख आणि वेळ आपण हातानं टाकायचो. पहिल्याच हंगामात असं दिसलं, की प्रत्येक ताऱ्याच्या वक्राला शेजारी एक फिकी सावली आहे, जरा सरकलेली. एका ताऱ्याला असती तर नवल म्हटलं असतं, इथे सगळ्यांनाच. आपण दुर्बिणीला दोष दिला, कॅमेऱ्याला दिला, मामाच्या पाण्याच्या मोटारीच्या दणक्यांनाही दिला. मग तुला पुण्याला एका परिषदेला जायचं होतं. तिकीट सोमवारचं, गाडी मध्यरात्रीनंतरची. दुसऱ्या दिवशी पुण्याला असायची ती तू सकाळी स्टाफरूममध्ये हजर, चिडून लाल.

"गाडी म्हने कालच गेली! आता सोमवारची गाडी रविवारी रातच्याला कशी काय जाईल?"

"बारा वाजले की तारीख बदलते, बाई."

"आमच्यात न्हाई बदलत. सूर्य उगवल्याबिगर सोमवार कसा व्हईल? मी काल सोमवारी रीतसर बॅग घेऊन गेलते."

सगळी स्टाफरूम हसली. तूही हसलीस. आणि हसता हसता चहाचा कप हातात धरून अचानक थांबलीस आणि माझ्याकडे बघितलंस. मीही त्याच क्षणी तुझ्याकडे बघितलं. बारानंतरच्या, पहाटेपर्यंतच्या प्रत्येक छायाचित्रावर आपण संध्याकाळचीच तारीख टाकली होती! दोघींनीही, कुणी कुणाला न विचारता. तू केजची, मी लिंबागणेशची. आपल्या दोघींच्या घरी दिवस उजाडल्यावरच दिवस बदलत आला आहे. अर्ध्या दिवसात दम घेणाऱ्या ताऱ्याला आपण अख्खा दिवस मागे ढकलत होतो आणि वर कॅमेऱ्याला नावं ठेवत होतो. त्या दिवशी तारखा दुरुस्त केल्या आणि सगळ्या सावल्या एका दमात आपापल्या वक्रात जाऊन बसल्या. तू म्हणालीस, "परिषद बुडाली ते लई बेस झालं."

त्यानंतर तुझा एक नियमच होऊन बसला. वक्रात न बसणारे ठिपके मी सरळ खोडून टाकायचे. सगळेच टाकतात, त्यात गैर काही नाही. तू माझा हात धरायचीस. "बाहेर काढायच्या आधी त्याला इचारावं तरी, की बाबा, तू बाहेर कावून हायस?" आणि मग तू एकेका ठिपक्यामागे लागायचीस. त्या वेळी ढग होता का, उपग्रह गेला का, काच दवानं ओलावली होती का. बहुतेकांचं कारण सापडायचं आणि मग तू स्वतःच त्यांना बाजूला ठेवायचीस. ही शिस्त तू कुठल्या पुस्तकातून घेतलीस, असं मी एकदा विचारणार होते. केजला तुमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले, गावातल्या जुन्या पाणवठ्यावर तुमच्या माणसांना कसं लांब उभं करत, त्या आठवणी तुझ्या आईच्या तोंडून ऐकल्या, आणि मग विचारायचं कारण उरलं नाही.

या बाहेरच्या ठिपक्यांनीच आपल्याला रुसूबाई दिली. गुच्छाच्या गाभ्याकडचा, दाट गर्दीतला एक तारा. काही आठवडे त्याची उसळी जोरदार असायची, मग हळूहळू मंद व्हायची, नुसता फुगवटा राहायचा, आणि पुन्हा जोर धरायचा. तू नाव ठेवलंस आणि मी भांडायला लागले.

तुझं म्हणणं होतं, हा तारा एकच आहे आणि त्याचा दमच मुळात कमी-जास्त होतो. असे तारे आहेत, ते तसं का वागतात हे अजून कुणाला खात्रीनं सांगता येत नाही, आणि आपल्या बीडच्या दुर्बिणीला त्यातला एक नवा मिळाला आहे. माझं म्हणणं होतं, तिथे दोन तारे आहेत. एक दम घेणारा आणि त्याला चिकटून दिसणारा एक साधा, उजेड न बदलणारा ठोंब्या. हवा स्वच्छ नसली की दोघांचा उजेड एकमेकांत सांडतो, आणि ठोंब्याच्या उजेडात दुसऱ्याची उसळी बुडते. गर्दीत असं हमेशा होतं. तू म्हणायचीस, रुसवा दीडेक महिन्यानं ठरल्यासारखा परत येतो, हवा कुठं एवढी वक्तशीर असते? मी म्हणायचे, वक्राचा बुडखा बघ, उसना उजेड मिसळल्यावरच तो असा सुजतो. वर्षं गेली. स्टाफरूममध्ये लोक विचारायचे, "काय, एक का दोन?" आणि आपण एकाच वेळी दोन उत्तरं द्यायचो. शेवटी आपण एका संशोधन मासिकाला लेख पाठवला, त्यात दोन्ही बाजू लिहिल्या आणि ठरवता येत नाही असं म्हटलं. परीक्षकांनी तो परत केला: नक्की काय ते ठरवा. तो आला त्याच आठवड्यात तुझ्या पोटाच्या तपासण्यांचेही कागद आले.

संभाजीनगरचे उपचार थांबवून तुला केजला आणलं तेव्हा मी एका दुपारी आले होते. तू खाटेवर, उशाला लॅपटॉप, तो उघडायचीही ताकद नव्हती. आई खाली बसून मेथी निवडत होती. मी आपलं सगळे म्हणतात तेच म्हटलं, की तू बरी होशील, मग आपण ठरवू. तू चिडलीस. अशा अवस्थेतही तुला चिडता येत होतं याचा मला केवढा आनंद झाला.

"बघ मंगल, एक सांगते. मी गेले म्हनून माझ्या बाजूनी होऊ नको. मेलेल्या मानसाला लोकं लगीच खरं करून टाकतेत. तू तसलं केलंस तर भूत होऊन येईन."

आई खालूनच म्हणाली, "आपल्यात भूत-बीत मानत न्हाईत."

"हिच्यापुरतं मानू, आई."

तिघी हसलो. माझं हसणं मध्येच कुठेतरी वळलं आणि मी तोंड फिरवून खिडकीकडे बघत बसले. तू डोळे मिटले होतेस. त्यानंतर तुझ्याशी बोलणं झालं नाही.

आता मूळ मुद्दा. तू गेल्यावर मी काही दिवस प्रयोगशाळेत पाऊलच टाकलं नाही. मग एकदा कुलूप उघडलं आणि बसले. खरं सांगते, तुझ्या बाजूनं व्हायचा मोह झाला होता. एक वाक्य बदललं की झालं, तुझा शोध तुझ्या नावावर. पण भुताची धमकी होती. म्हणून मी अंतराळातल्या मोठ्या दुर्बिणीची सार्वजनिक छायाचित्रं पुन्हा धुंडाळायला घेतली. आधी मिळालेल्या छायाचित्रात नेमक्या आपल्या जागेवर शेजारच्या तेजस्वी ताऱ्याचा झगझगाट सांडलेला होता, तुला आठवत असेल. या वेळी कॅमेऱ्याचा डोळा कमी वेळ उघडा ठेवून घेतलेलं एक मिळालं. मी ते मोठं करत गेले. आपल्या दुर्बिणीला जिथे एक ठिपका दिसतो तिथे दोन होते, स्वच्छ, वेगळे.

मी जिंकले होते. "दोन!" असं मी मोठ्यानं म्हटलं, आणि प्रयोगशाळेत कुणीच नव्हतं. इतकी निरुपयोगी जीत कुणाला मिळू नये.

मग पुरावा पक्का करायचा म्हणून आपल्या सगळ्या हंगामांच्या मोजणीतून मी रुसूबाईचा नेहमीचा वक्र वजा केला. माझं म्हणणं खरं असेल तर मागे ठोंब्याचा सपाट उजेड उरायला हवा, हवेप्रमाणे थोडा थरथरणारा. उरली ती मोहरी. थरथरीपेक्षा जास्त पसरलेली. मी ते ठिपके खोडणारच होते. पण माझा हात धरायची तुझी सवय आता माझ्याच हातात राहिली आहे. त्यांना विचारलं, बाबांनो, तुम्ही बाहेर का? माप घेतलं, रुसूबाईच्या मापाच्या जवळचंच, जरासं निराळं. तुझ्यासारखं हातानं कमी-जास्त करत गेले. आणि पडद्यावर झपकन चढणारा, हळूहळू उतरणारा, अख्खा दुसरा वक्र उठला.

सुजाता, ठोंब्याही दम घेतो! दोघंही घेतात. दोघांची लय जवळजवळ एक, पण एक नाही. कधी दोघांचे दम एका वेळी भरतात आणि आपल्याला जोरदार उसळी दिसते. मग दर फेऱ्याला एक जरासा मागे पडत जातो, आणि एकाचा भरतो तेव्हा दुसऱ्याचा ओसरतो. त्याला आपण रुसवा म्हणत होतो. तो खरा होता, वक्तशीर होता, हवेचा नव्हताच. तू म्हणालीस तसा. आणि तारे दोन होते. एवढी वर्षं आपण दोघींनी आपापलं टोक इतकं घट्ट धरलं, की शेजारचाही जिवंत असेल ही शंका एकीलाही आली नाही. मी खुर्ची मागे सरकवून बसून राहिले. बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती, शिपाई खिडक्या लावून घ्या म्हणून सांगून गेला. ते दोन तारे एकमेकांचे शेजारीही नसतील कदाचित. एक पुढे, एक पुष्कळ मागे, आपल्या नजरेच्या एकाच रेषेत आले इतकंच. त्यांना एकमेकांची खबर नाही. हजारो वर्षांच्या वाटेवर त्यांचा उजेड सोबत चालत आला आणि पालीच्या शेडमध्ये आपल्या एकाच ठिपक्यावर उतरला. मला रडू आलं आणि ते नुसतं दुःखाचं नव्हतं. हे मला बघायला मिळालं, आणि तुझ्यामुळे मिळालं.

लेख नव्यानं लिहिला, तुझं नाव आधी, माझं नंतर. मासिकाचा नियम असा, की निष्कर्ष बदलला तर प्रत्येक लेखकाची संमती हवी. संपादकांनी फार अदबीनं कळवलं, की दिवंगत सहलेखिकेच्या वतीनं मीच 'मान्य' असं नोंदवलं तरी चालेल. एक शब्द. तो मला टाकता येईना. म्हणून मी जीपनं केजला गेले आणि आईला सगळं सांगितलं, मोबाइलवर दोन्ही वक्र दाखवले.

आईनं ते डोळ्यांजवळ नेऊन बघितले. "मंजी दोगी खऱ्या?"

"दोघी चुकलो, आई. आणि दोघी खऱ्यापण."

"हे तिनं मानलं असतं?"

"लगीच नाही. आधी भांडली असती."

"मंग तिच्या वतीनी तू कावून मानायलीस?" आईनं मोबाइल परत दिला. "तिनं जन्मात कोनाला एका झटक्यात हो म्हनलं न्हाई. बापालाबी न्हाई."

परत येताना जीपमध्ये बसून मी तुझ्याशी भांडत आले. तू तारखा परत तपासायला लावल्यास. मी तपासल्या, बारानंतरच्यासुद्धा. तू म्हणालीस, घडी घालणाराला हवी तिथं घडी दिसती, ठिपके पिसून बघ. घरी येऊन ठिपक्यांच्या वेळा पत्त्यांसारख्या पिसल्या, पुन्हा पुन्हा. वक्र एकदाही उठला नाही. मग तू ओठ आवळून वक्राकडे बघितलंस. मला वाटलं, आता म्हणशील काठाला काठ. पण मला तुझा चेहरा स्पष्ट दिसला, भुवया वर, अगदी खोडकर, आणि तू विचारलंस, "दोन निघाले, मग तिसरा कावून नसंल?"

त्या मोठ्या दुर्बिणीचीही नजर एका ठिकाणी संपतेच. तिच्या दोन ठिपक्यांतला एक पुन्हा दोन नसेल, असं मी कशाच्या जोरावर म्हणू?

म्हणून संमतीच्या जागी मी 'मान्य' लिहिलं नाही. लिहिलं, की माझ्या सहलेखिकेची एक हरकत आहे, ती मला खोडता आलेली नाही, आणि लेखाच्या शेवटी ती तिच्या नावानं दिली आहे. काल संपादकांचं उत्तर आलं. हरकत रास्त आहे, असं त्यांनी लिहिलंय, राहू द्या.